पाकळ्यांचा रविवार

८ मे, सोमवार

नाव लागलं! एझिओचं नाव लागलं — पाकळ्यांसाठी!

जेवताना सांगितलं त्याने. खाली मान घालून, मीठ मागावं तसं. "पेंटेकॉस्टच्या रविवारी पॅन्थिऑनवर चढणाऱ्यांत मी आहे." माझ्या हातातला डाव हातातच राहिला. उभं आयुष्य अग्निशमन दलात काढलं त्याने. दर वर्षी दुसऱ्यांची नावं लागायची, दर वर्षी हा म्हणायचा, पुढच्या खेपेला. आता हिवाळ्याच्या आत निवृत्ती, आणि आता नाव लागलं. दुसरी कुठली बायको असती तर उठून नाचली असती.

मी विचारलं, "आणि चक्कर?"

"कसली चक्कर?"

म्हणजे काय म्हणावं या माणसाला! मार्चमध्ये सासूबाईंच्या गच्चीत कपड्यांची तार बांधता बांधता मटकन खाली बसला तो कोण होता? एप्रिलमध्ये सरावाच्या शिडीवर मधेच डोळे मिटून चिकटून राहिला आणि खालच्यांना "पायात गोळा आलाय" म्हणून ओरडला तो कोण? त्यानेच येऊन सांगितलं होतं मला. मी पाहिलेलंही नव्हतं.

पॅन्थिऑन म्हणजे रोमन काळचं देऊळ, आता चर्च; त्याच्या घुमटाला मधोमध भोक आहे. झाकण नाही, कठडा नाही. बाहेरून घुमटावर चढायचं, भोकाच्या काठाशी पालथं पडायचं, डोकं बाहेर काढायचं आणि खालच्या लोकांवर गुलाबाच्या पाकळ्या सोडायच्या. आणि खाली काय? खाली ती संगमरवरी फरशी, जिच्यावर उभं राहून मी रोज पाहुण्यांना माहिती सांगते आणि पोट भरते.

"कुणाला बोलायचं नाही, लोरे. आमच्या साहेबाच्या, चेकारेल्लीच्या कानावर गेलं तर मला शेवटचे महिने टेबलाला बांधून ठेवतील. शपथ घे."

"कुणाची?"

"माझ्या आईची."

घेतली. काय करणार!

९ मे

डोळ्याला डोळा लागला नाही. तो मात्र घोरत होता.

११ मे, गुरुवार

आज कॅनडाची मंडळी. सकाळी कलोसियम, मग फोरम, दुपारी पॅन्थिऑन. मी पुढे उलटी चालते, काठीला बांधलेला पिवळा रुमाल वर धरून, तोंड त्यांच्याकडे. इतक्या वर्षांत कधी अडखळले नाही. आज पॅन्थिऑनच्या दारात अडखळले.

आत गेलो. एका बाईंनी विचारलं, जो प्रश्न रोज कुणीतरी विचारतंच — पाऊस आत येतो का हो? येतो, म्हटलं. फरशीला बारीक भोकं आहेत, पाणी निघून जातं. मग माझं नेहमीचं पाठ केलेलं सुरू झालं: ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी, पेंटेकॉस्टच्या सणाला, चर्चमधली मिस्साची प्रार्थना संपता संपता याच भोकातून पाकळ्यांचा पाऊस पडतो, आमचे बंबवाले वर चढतात, आणि आजवर एकही बंबवाला पाकळ्यांबरोबर खाली आलेला नाही! इथे सगळे हसतात. आजही हसले. मला पुढचं वाक्य आठवेना. वर पाहिलं तर ते भोक एखाद्या डोळ्यासारखं माझ्याकडे टक लावून बसलेलं.

हा विनोद मी किती वर्षं करतेय! जीभ झडो माझी. बाहेर आल्या आल्या, अपशकुन टळावा म्हणून, खांबाजवळच्या लोखंडी साखळीला हात लावला. दोनदा.

घरी गुरुवारचे न्योक्की केले, बटाट्याचे. एझिओने पोटभर खाल्ले. माझ्या घशाखाली उतरेनात.

१४ मे, रविवार

मुद्दाम त्याला आवेन्तिनोच्या टेकडीवर नेलं, संत्र्यांच्या बागेत. म्हटलं, बघू तरी. सगळे पाहुणे तिथे कठड्याशी जाऊन फोटो काढतात — नदी, छपरं, लांबवर सेंट पीटरचा घुमट. एझिओ दहा पावलं मागेच थांबला. पाइनच्या बुंध्याला पाठ लावून.

"ये ना पुढे."

"इथून दिसतंय की."

"काय दिसतंय? माझी पाठ?"

"तीच बघायला आलोय," म्हणाला. वर हसलाही! असा माणूस आहे. मग मी त्याच्या हाताला धरून ओढलं. कठड्यापाशी आला, खाली नदीकडे बघितलं आणि त्याच्या ओठांचा रंगच गेला. वरच्या ओठावर घामाचे थेंब. माझ्या मनगटावर त्याची बोटं अशी रुतली की अजून लाल आहे.

"गेली," म्हणाला थोड्या वेळाने. "बघ, आली आणि गेली. आणि तिकडे दोर असतो, लोरे. गाईसारखा बांधलेला असतो मी."

दोर कमरेला असतो. डोक्याला नसतो! पालथं पडून डोकं खाली घातल्यावर शुद्ध गेली तर? शेजारच्याला धरलं तर? मी हे सगळं मोठ्याने विचारलं. एक जोडपं फोटो काढायचं थांबवून आमच्याकडे बघायला लागलं.

तो म्हणाला, "फक्त उंचीवर होतं. खाली मी ठणठणीत आहे. पाच मिनिटांचं काम, मग उरलेला जन्म जमिनीवरच काढायचाय की. एवढं एक मला करू दे."

करू दे म्हणतो. मी कोण अडवणार! पण भीती वाटतेय. इतकी भीती बाळंतपणातसुद्धा वाटली नव्हती.

१७ मे, बुधवार

सासूबाईंकडे गार्बातेल्लात. अख्ख्या चौकाला कळलंय. खालच्या मजल्यावरचा न्हावी मला बघून दुकानाबाहेर आला, "गुलाबवाल्याची बायको आली!" सासूबाई खिडकीत राणीसारख्या बसलेल्या. नवा निळा झगा शिवायला टाकलाय. काय तर म्हणे, पहिल्या रांगेत बसणार.

"सूनबाई, तोंड असं का? कुणी मेलंय का?"

लोखंड! लोखंड कुठे आहे! खुर्चीचा पाय सापडला.

"दमलेय, आई. उन्हाळ्याची गर्दी सुरू झालीय."

"दमलीय म्हणे. रोज तीच दगडधोंडी दाखवायची, त्यात दमायचं काय! माझा पोरगा पाकळ्या उधळणार, कार्डिनलच्या डोक्यावर! आणि ही दमलीय."

"कार्डिनलच येतील असं नाही, आई."

"माझा पोरगा वर आहे म्हटल्यावर येतील."

मला एकदम हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू. कांदे चिरायला घेतले म्हणून निभावलं. त्यांना काय सांगू? सत्तरी कधीच ओलांडलेली बाई. मुलाला चक्कर येते म्हटलं तर तिथल्या तिथे आडवी होईल. आणि शपथ तर त्यांचीच घेतलेली.

२० मे

स्वप्नात पाकळ्या पडत होत्या. मग एक बूट पडला.

२२ मे, सोमवार

एझिओच्या हातून सकाळी कॉफी सांडली. कप नीट ठेवायला गेला आणि टेबलाची कड चुकली. रागावला स्वतःवरच. झोप होत नाही हल्ली त्यालाही, दुसरं काय. त्यालाही भीती वाटतेय म्हणजे! मी खूश होऊ की आणखी घाबरू?

मला खोटं सांगत असला तरी झोपेला सांगता येत नाही. मी पुसून घेतलं.

२६ मे, शुक्रवार

देवा, मी काय करून बसले!

उत्तरेकडच्या बेर्गामोची मंडळी आहेत आज आणि उद्या. सगळी पेन्शनर, एका चर्चची. दुपारी त्रेवीच्या कारंज्यावर आणली. मोकळा वेळ दिला. म्हटलं, कारंज्याकडे पाठ करा, उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणं टाका, म्हणजे रोमला परत याल. ती लागली कामाला. मी कोपऱ्यावर आइस्क्रीमच्या दुकानाशी सावलीत उभी. आणि मला एकाएकी सहन होईना. निवेसला फोन लावला. ती आमच्यातलीच, तीस वर्षं माझ्याबरोबर हीच दगडधोंडी दाखवतेय. शपथ गेली चुलीत!

सगळं सांगितलं. गच्ची, शिडी, संत्र्यांची बाग. "चक्कर येते गं त्याला, आणि तो मुडदा कुणाला सांगत नाही! चेकारेल्लीला सांगू का? सांगितलं तर एझिओ मला जन्मात माफ करणार नाही. नाही सांगितलं तर तो माझ्याच फरशीवर पडेल गं, निवेस, माझ्याच फरशीवर! आणि मी रोज तिथे उभं राहून लोकांना काय सांगू?" रडले. चांगली हुंदके देऊन रडले. निवेस म्हणत होती, सांग त्या चेकारेल्लीला, आजच्या आज सांग.

डोळे पुसून समोर बघते तर —

सगळेच्या सगळे कारंज्याकडे पाठ करून उभे. हातात नाणी. टाकत कुणीच नव्हतं. माझ्याकडे बघत होते. कानात हेडफोन.

माईक! गळ्यातला माईक चालू होता! फोनला निघताना बंद करायचा, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकतो. नव्या पोरी विसरतात आणि मी त्यांना झापते. नवऱ्याशी भांडण, पोटाची तक्रार, काय काय ऐकवलंय गाइड लोकांनी पाहुण्यांना. पण असं?

परदेशी असते तर कळलंही नसतं. नेमके आपले इटालियनच निघाले.

नुसता पाण्याचा आवाज. मग पिएरीना नावाच्या एक ठेंगण्या, जाड चष्म्याच्या बाई पुढे आल्या. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "पोरी, आम्ही बेर्गामोचे. आमचं तोंड मक्याचा पोलेंता खायलाच उघडतं. कुणाला कळणार नाही." मागून एक म्हातारा म्हणाला, "माझ्या भावाला पण यायची. लिंबाची गोळी चघळायचा." दुसरी म्हणाली, "लिंबाने काय होतंय, आलं!" आणि तिथे लिंबू की आलं यावर त्यांचं जुंपलं. मी मध्ये उभी, रुमालात नाक पुसत.

इतक्या तोंडांत गेलेली गोष्ट!

२७ मे, शनिवार

व्हायचं तेच झालं.

सकाळी बेर्गामोवाल्यांना घेऊन पॅन्थिऑनमध्ये. आणि आत कोण? चेकारेल्ली, दोन माणसं घेऊन. दोर बांधायच्या जागा बघायला आलेला. एझिओची आज सुट्टी, एवढंच नशीब. मी चित्रकार राफाएलच्या कबरीपाशी उभी राहून बोलत होते. एका डोळ्याने चेकारेल्लीकडे. माईक तपासून तपासून बोलत होते!

आणि दिसलं — पिएरीनाबाई घोळक्यातून सुटल्या आणि थेट त्याच्याकडे. युनिफॉर्म बघून गेल्या असणार. पर्समधून पिशवी काढली, त्याच्या हातात ठेवली. बोलल्या. बराच वेळ बोलल्या! मग वळून बोट केलं. माझ्याकडे.

मी राफाएलचं मरण सांगत होते. तसंच सांगत राहिले. काय सांगितलं देव जाणे.

चेकारेल्ली लांबून माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने टोपी किंचित उचलली. बस. इतकंच.

पिएरीनाबाई परत आल्या, गाल लाल, कृतार्थ. "मी काही बोलले नाही हं! फक्त म्हटलं, ज्याला चक्कर येते त्याला या लिंबाच्या गोळ्या द्या. तो विचारायला लागला, कोणाला बाई? मी म्हटलं, नाव मला माहीत नाही, आमच्या गाइडचा नवरा."

काय बोलणार या बाईला! त्यांना मिठी मारली आणि बसपर्यंत सोडलं. बस हलली तसे सगळे काचेतून हात हलवत होते, आणि मला वाटलं, आता घरी जाऊच नये.

गेले. एझिओ खिडकीत बेझिलच्या कुंडीला पाणी घालत होता. काही बोलला नाही. म्हणजे अजून कळलेलं नाही.

२८ मे, रविवार

सासूबाईंना ताप!!

शपथ मोडली परवा आणि आज ताप. मी शिकलेली बाई आहे, दोन भाषांत लोकांना इतिहास सांगते. तरी सूप घेऊन धावत गार्बातेल्लाला गेले. कपाळाला हात लावला, तापलेलं. "मरत नाहीये मी," खेकसल्या. "पाकळ्या बघितल्याशिवाय मी कुठे जातेय? आणि या सुपात मीठ कमी आहे."

पाया पडायची आमच्यात रीत नाही, नाहीतर पडलेच असते.

२९ मे, सोमवार

सासूबाईंचा ताप उतरला. घसा बसलाय फक्त. चौकातल्या लोकांना तेवढाच विसावा.

आज डच मंडळी, आणि त्यांना 'सत्याचं तोंड' बघायचं होतं. दगडाचा चेहरा, उघडं तोंड, खोटं बोलणाऱ्याने हात घातला की चावतो म्हणतात. रांग लावली, एकेक जण हात घालून किंचाळतोय, हसतोय. शेवटी सगळे मला म्हणायला लागले, आता तुम्ही, आता तुम्ही! मी किती वेळा घातलाय त्यात हात, मोजदाद नाही. आज पुढे गेले. हात वर केला. आणि घालवेना.

नवऱ्यापाशी खोटं, सासूपाशी खोटं, शपथ मोडलेली. दगड आहे, लोरेदाना, दगड! पण नाहीच घातला. मनगट दुखतंय म्हटलं. आणखी एक खोटं.

३० मे, मंगळवार

एझिओ कामावरून उशिरा आला. "चेकारेल्लीशी बोलत बसलो होतो."

"काय म्हणाला?"

"दोरांचं चाललं होतं."

माझ्याकडे बघेना. पण हातात पुडा — मलई भरलेले गोड पाव, मारित्तोत्सी, माझ्या आवडीचे. वाढदिवसालासुद्धा आणायची आठवण करून द्यावी लागते त्या माणसाला! ताटलीत काढून दिले, समोर बसला, मी खाताना बघत राहिला. म्हणाला, "फार त्रास होतोय ना तुला?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं? हो म्हणायचं होतं. ओरडून हो म्हणायचं होतं.

चेकारेल्लीने सांगितलंय का त्याला? सांगितलं असतं तर याने आरडाओरडा केला असता. नसेल सांगितलं तर हा इतका गोड का? लांबच्या प्रवासाला निघालेली माणसं अशी गोड होतात.

१ जून, गुरुवार

गेलेच. एझिओ घरी झोपलेला, मी त्याच्या अग्निशमन केंद्रावर गेले. चेकारेल्लीच्या समोर उभी राहिले आणि जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले. नुसतं म्हटलं, "तुम्हाला कळलंय."

"बसा, सिन्योरा."

"त्याला वर पाठवू नका. पण मी सांगितलं म्हणू नका. पण पाठवू नका."

त्याच्या टेबलावर लिंबाच्या गोळ्यांची पिशवी होती. निम्मी संपलेली. एक तोंडात टाकली आणि म्हणाला, "एझिओचं काय करायचं ते एझिओ आणि मी बघू. माझी माणसं आहेत ती. एकालाही मी फेकायला नेत नाही. तुम्ही रविवारी लवकर या, पॅन्थिऑनला जागा मिळत नाही."

"म्हणजे जाणार आहे तो?"

"लवकर या," परत तेच.

हे काय उत्तर झालं? मी बाहेर येऊन पायरीवर बसले. एक पोरसवदा बंबवाला पाणी घेऊन आला. त्यालाही विचारावंसं वाटलं. कुणाकुणाला विचारू!

३ जून, शनिवार

गुलाब आलेत. टोपल्याच्या टोपल्या. लाल. आज पॅन्थिऑनजवळून जाताना वास आला आणि मी पलीकडच्या बाजूने चालायला लागले.

युनिफॉर्मला इस्त्री केली. सदऱ्याची कॉलर दोनदा केली. त्याने मागून येऊन डोक्यावर हनुवटी टेकवली. "उद्या रडू नकोस."

"वरून दिसणार आहे का तुला?"

त्याने हात पुढे करून इस्त्री बंद केली.

४ जून, रविवार — पेंटेकॉस्ट

झालं! झालं! झालं! उतरला! जिवंत आहे!

नीट लिहिते. सकाळपासून चौकात रांगा. सासूबाई निळ्या झग्यात, आवाज नाही, पण कोपराने ढकलत थेट पुढे. मी पाहुण्यांशिवाय पॅन्थिऑनमध्ये — कधी आले होते अशी, आठवत नाही. गर्दी अशी की हात वर करायला जागा नाही. मागे भिंतीकडे बंबवाले लोकांना आवरत उभे होते. मी मागे बघितलंच नाही. मी भोकाकडे बघत होते. मिस्साचा एक शब्दही कानात गेला नाही. देवाला म्हटलं, माझे गुडघे घे, माझा आवाज घे, पुन्हा कधी बोलणार नाही, हवं तर.

मग वर डोकी दिसली. उजेडात काळी, काठावर. हात दिसले. सगळे कोण कोण, खालून काही कळत नव्हतं. पण उजव्या बाजूचा हात मला कळला! एझिओच! उकळत्या पाण्यात मीठ टाकतो तसा मनगट फिरवून टाकतो तो, एकदम नाही, थोडं थोडं. मी ओरडले, "तो! तो!" सासूबाईंनी दंड धरला, त्यांनाही दिसला.

आणि पाकळ्या. आधी एकदोन, मग सगळं लाल. हळू येतात त्या. एवढ्या उंचीवरून हळू हळू, फिरत. केसांवर, तोंडावर. लोक हात पसरून वर बघत होते, मुलं गोळा करत होती. माझे डोळे त्या हातावर. डोकं पुढे झुकलं की माझा श्वास बंद. मागे गेलं की चालू. मी मोठमोठ्याने रडत होते आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, सगळेच रडत होते. मग हात आत गेले. डोकी गेली. भोकात नुसतं आकाश.

बाहेर बंबाशी तो आला. युनिफॉर्ममध्ये, खांद्यावर एक पाकळी. मी त्याला अशी मिठी मारली की टोपी पडली. चेहरा पांढराफटक. म्हटलं, असणारच! सासूबाईंनी बसलेल्या घशाने त्याचे मुके घेतले, "कुठला हात तुझा? कुठला?"

"तुला काय वाटतं?" म्हणाला.

"मी सांगते," मी म्हटलं. "उजवीकडचा! मी ओळखला." तो माझ्याकडे बघत राहिला आणि हसला. चेकारेल्लीने माझ्याकडे बघून टोपी उचलली. या वेळी मीही मान हलवली. त्या माणसाला मी काय काय म्हटलं होतं मनातल्या मनात!

मग गार्बातेल्लाच्या चौकात टेबलं मांडून जेवण. न्हाव्याने वाईन आणली. आर्टिचोक, कोकरू, सगळं. एझिओ फारसा जेवला नाही, बसूनच राहिला, सगळे त्याच्या पाठीवर थापा मारत होते. मी दोघांचं जेवले. महिनाभराची भूक.

संपलं. आता निवृत्ती आणि जमीन.

५ जून, सोमवार

एझिओ वर गेलाच नव्हता. मंगळवारीच त्याने स्वतः चेकारेल्लीला सांगितलं होतं, मी चढत नाही म्हणून, माझ्यासाठी. काल तो खाली होता, माझ्या मागे भिंतीकडे, गर्दी आवरायला. आईसमोर सांगवेना म्हणून आत्ता कॉफीच्या वेळी सांगितलं.

"पण काल आली, लोरे. तू वर बघत होतीस तेव्हा. मी सपाट फरशीवर उभा होतो. खांब धरला म्हणून पडलो नाही. उंचीचं नाहीये हे."

डॉक्टरांकडे निघतोय. आत्ताच.